'घाण' या शब्दाचा माग कसा काढावा

शब्दाचं मूळ शोधायचं मनात आलं की माणूस आधी कोश उघडतो. माझा आग्रह असा की आधी वही उघडावी. तो शब्द आपल्या घरात, गल्लीत, बाजारात, फोनवर लोक कसा वापरतात ते लिहून काढावं आणि मगच कोशाकडे जावं. ही रीत मी 'घाण' या एकाच शब्दावर करून दाखवते. शब्द रोजचा आहे, कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही, पण त्याची वाट पार पाणिनीच्या दारापर्यंत जाते.

सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात मी लिपिक होते. तक्रारींची नोंदवही निवृत्तीपर्यंत माझ्याकडे होती. फोन यायचा, "मॅडम, आमच्या बोळात लई घाण आहे, माणसं पाठवा." मला पुढचा प्रश्न विचारावाच लागायचा, "घाण येतीय का घाण पडलीय?" पडली असेल तर मुकादमाला निरोप द्यायचा आणि कचऱ्याची गाडी पाठवायची. येत असेल तर कुठंतरी गटार तुंबलेलं असणार, चेंबर भरलेलं असणार किंवा एखादं जनावर मरून पडलेलं असणार. त्याची माणसं वेगळी, गाडी वेगळी. चुकीची गाडी गेली की अख्खा दिवस वाया. एका शब्दाचे दोन अर्थ आहेत हे मला भाषेच्या तासाला नव्हे, त्या टेबलावर समजलं आणि तिथूनच या शब्दाचा नाद लागला.

आधी क्रियापदं गोळा करा

नामाचा अर्थ धरायचा असेल तर त्याच्या शेजारचं क्रियापद धरावं. माझ्या वहीत मी दोन रकाने केले. एका बाजूला घाण येते, घाण सुटते, घाण मारते, घाण भरून राहते. दुसऱ्या बाजूला घाण पडते, साचते, करतात, टाकतात, उपसतात. पहिल्या रकान्यातली घाण नाकाला कळते, दुसऱ्यातली डोळ्यांना दिसते. माणसाला दोन अर्थ आहेत हे सांगताही येत नाही, पण त्याची जीभ क्रियापद अचूक निवडते. "गटार उपसलं, पण घाण जात नाही" असं कुणी म्हणालं की तो वासाबद्दल बोलतोय हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

काही वाक्यं दोन्हीकडे बसतात, आणि ती सगळ्यांत मोलाची. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णेचं पाणी ओसरलं तेव्हा प्रत्येक फोनमध्ये 'घाण' होती. घरात गुडघाभर गाळ, दुकानात भिजून कुजलेलं धान्य, आणि त्या दोन्हींचा वास. "सगळी घाण झालीया" या तीन शब्दांत गाळही होता आणि दुर्गंधही होता. अशी वाक्यं वेगळ्या शाईनं लिहा. अर्थ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो तो याच उंबऱ्यावरून. जिथं वस्तू आणि तिचा वास नेहमी बरोबर असतात, तिथं एकाचं नाव दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही.

मग कागदावरची भाषा वेगळी काढा. तोच माणूस फोनवर 'घाण' म्हणतो आणि लेखी अर्जात 'दुर्गंधी सुटली आहे' असं लिहितो. अर्जात 'घाण' लिहिणं त्याला कमीपणाचं वाटतं. 'दुर्गंधी' हा शब्द फक्त वासासाठी आहे, त्यात कचऱ्याची सरमिसळ नाही, म्हणून कार्यालयाला तो सोयीचा पडतो. बोलीतला आणि अर्जातला शब्द शेजारी ठेवले की बोलीतल्या शब्दाचा पसारा किती वाढलाय ते दिसतं.

विशेषण म्हणून होणारा वापरही सोडू नका. "घाण वास येतोय" हे आपण सगळेच म्हणतो. "घाण बोलू नकोस" यात वासही नाही आणि कचराही नाही, तिथं घाण म्हणजे अश्लील, हलकं. पुण्यात शिकणारी माझी भाची म्हणते, "आम्ही घाण हसलो काल." तिच्या तोंडी घाण म्हणजे भयंकर, बेसुमार. "घाण भूक लागलीये" हेही तिचंच. मोठ्यांना हे कानाला बोचतं, पण नोंद करणाऱ्यानं नाक मुरडायचं नाही. शब्द जिवंत असल्याची ती खूण आहे, आणि पन्नास वर्षांनी कुणी हा शब्द शोधायला बसलं तर त्याला ही वाक्यं लागतील.

कोणता अर्थ आधीचा, ते ओळखणं

दोन अर्थ सापडले की पुढचा प्रश्न येतो, जुना कोणता? इथं कोशाआधी एक पायरी आहे. जुन्या नावांत गोठून राहिलेला अर्थ शोधायचा. झाडाझुडपांची नावं यासाठी फार उपयोगी पडतात, कारण नाव एकदा चिकटलं की बोलणारे त्याचा अर्थ विसरतात आणि अर्थ जसाच्या तसा आत राहतो.

घाणेरी घ्या. रस्त्याकडेला, डोंगरउतारावर वाढणारं, गुलाबी-पिवळ्या-नारिंगी फुलांच्या झुबक्यांचं झुडूप. काही भागांत याला टणटणी म्हणतात. फुलं देखणी असतात, फुलपाखरं हटत नाहीत, आणि झुडपात मळकं असं काहीही नसतं. पान चुरगळून नाकाशी न्या, मग नावाचा उलगडा होतो. घाणेरी म्हणजे वासाची. हे झुडूप मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं, आपल्याकडे ते इंग्रजांच्या काळात बागेच्या शोभेसाठी आलं आणि पुढं रानभर पसरलं. म्हणजे त्याला हे नाव लागलं तेव्हा मराठी माणसाच्या मनात घाण हा शब्द आधी नाकाशी जोडलेला होता. एका झुडपाच्या नावातून एवढं हाती येतं.

आता आपल्याजवळ एक अंदाज आहे: आधी वास, मग कचरा. कोश उघडायचा तो हा अंदाज तपासायला.

कोश कोणते, आणि त्यांत काय पाहायचं

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा निघाला १८३१ साली, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली १८५७ मध्ये. तो आधी पाहावा, कारण त्यानं पंडितांच्या मदतीनं बोलीतले शब्द भरभरून गोळा केले आणि शब्दापुढं मुळाची खूण दिली. संस्कृतसाठी एस, फारसीसाठी पी, अरबीसाठी ए. अर्थ कोणत्या क्रमानं दिलेत, तेही नीट पाहावं. नंतर दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. १९३२ पासून त्याचे खंड निघाले. त्याचं बळ आहे जुन्या ग्रंथांतल्या उताऱ्यांत. उताऱ्यापुढं 'ज्ञा' असं लिहिलं असेल तर ज्ञानेश्वरी, 'एभा' असेल तर एकनाथी भागवत. खास व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश, १९४६ चा. जुन्या मराठीपुरतं बघायचं तर शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश. आणि मराठीच्या बहिणी एका ओळीत उभ्या केलेल्या पाहायच्या तर राल्फ टर्नरचा १९६० च्या दशकातला भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश. यांतले बहुतेक कोश शिकागो विद्यापीठानं संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. मी ते तालुक्याच्या वाचनालयातल्या संगणकावर बसून वाचले.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी दिलेल्या व्युत्पत्ती वाचाव्यात, त्यांत त्यांची झेप दिसते, पण पडताळल्याशिवाय घेऊ नयेत. काही आज टिकत नाहीत.

सगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचतात. घाण हा संस्कृत 'घ्राण' या शब्दाचा वंशज. मूळ धातू घ्रा, म्हणजे हुंगणे, वास घेणे. जिघ्रति म्हणजे तो हुंगतो. संस्कृतात घ्राण या एका शब्दाला तीन अर्थ होते: हुंगण्याची क्रिया, गंध आणि नाक. वाईटपणाचा लवलेश त्यात नव्हता. आजही शाळेच्या पुस्तकात आपण घ्राणेंद्रिय वाचतो, तेव्हा कुणालाही किळस येत नाही.

एवढ्यावर थांबलं तरी चालतं असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. कोशात लिहिलंय म्हणून मान्य करणं आणि आपल्याला पटलं म्हणून मान्य करणं यांत फरक आहे, आणि पटवून घ्यायचं साधन अगदी जवळ आहे.

ध्वनींची चाळणी

शब्द सारखा ऐकू येतो म्हणून नातं जोडू नये. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना आवाज नेमानं बदलले. तो नेम इतर शब्दांत दिसला तरच नातं धरायचं.

घ्राणमधला 'र' गेला. असा आरंभीचा जोडाक्षरातला र मराठीत आणखी कुठं गेलाय? ग्रामचं गाव झालं, क्रोशचा कोस, त्रीणिचं तीन, भ्रात्याचा भाऊ. नेम सापडला. शब्दाच्या पोटातलं 'घ्र'ही तसंच वागतं: व्याघ्र, वग्घ, वाघ. गंमत अशी की संस्कृत वैयाकरण व्याघ्र शब्दाची फोडही घ्रा धातूनंच करतात, जो हुंगत फिरतो तो व्याघ्र. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही फोड मानतीलच असं नाही, पण ती परंपरा शेकडो वर्षांची आहे आणि मला ती आवडते.

आता 'ण'. इथं एक मोह होतो. संस्कृतात र नंतर आलेल्या न चा ण होतो, हा पाणिनीचा नियम आहे. तेव्हा घाणमधला ण ही त्या गेलेल्या र ची उरलेली खूण, असं म्हणावंसं वाटतं. ऐकायला छान वाटतं, पण पुरावा म्हणून ते चालत नाही. पानीय शब्दात र नाही, तरी त्याचं पाणी झालं. जनचा जण झाला, तिथंही र नाही. स्वरांमधल्या एकट्या न चा मराठीत एरवीही ण होतो. म्हणून ण वरून इतकंच म्हणता येतं की तो असायला हवा होता आणि आहे. आमच्याकडे खेड्यात 'घान' म्हणतात, जसं 'पानी' म्हणतात. तो आजच्या बोलीचा उच्चार आहे, त्यावरून वेगळं मूळ शोधायला जाऊ नये.

लिंग बदललं तरी घाबरू नका. घ्राण नपुंसकलिंगी, घाण स्त्रीलिंगी. अग्नी पुल्लिंगी आणि आग स्त्रीलिंगी झालीच ना.

खोटे नातेवाईक

या कामात सगळ्यांत जास्त फसवणारा भाग हा.

पहिला घाणा. तेलाचा घाणा, भज्यांचा पहिला घाणा, लग्नाआधी बायका घाणा भरतात तो घाणा. घाण्याजवळ पेंडीचा वास असतो, म्हणून घाणा आणि घाण एकच, असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी ठामपणे सांगितलं होतं. शेजारच्या भाषा पाहिल्या की हे गळून पडतं. हिंदीत घानी आहे आणि कन्नडमध्ये तेलाच्या घाण्याला गाण म्हणतात. हा अवजाराचा शब्द आहे, दक्षिणेतही पसरलेला, आणि त्यात हुंगण्याचा काही संबंध नाही. सीमेजवळच्या आम्हा लोकांना हा फायदा आहे. शंका आली की बाजारात कन्नड बोलणाऱ्या माणसाला विचारता येतं.

दुसरी घृणा. अर्थ जवळचा, आवाज जवळचा, त्यामुळं ही जास्त धोक्याची. ध्वनींची चाळणी लावा. ऋ चा मराठीत आ होतो, पण कधी? पुढं जोडाक्षर असेल तर. मृत्तिकेचं मट्टिआ होऊन माती झाली. कृष्णाचा कण्ह होऊन कान्हा झाला. घृणा शब्दात पुढं एकटा ण आहे, तिथं स्वर लांबायला कारण नाही. हिंदीत तिचं घिन झालं, ते नेमाला धरून आहे. घाण तिच्यापासून येऊ शकत नाही.

घृणेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. संस्कृतात घृणा म्हणजे तिटकारा तर होताच, पण दया, कळवळाही होता. मराठीत दया हा अर्थ मेला असं वाटतं, पण रोजच्या वर्तमानपत्रात तो छापून येतो. 'निर्घृण खून' म्हणजे ज्यात दया नाही असा खून. घृणा म्हणजे नुसता तिटकारा असता तर निर्घृण हा शब्द उलटा झाला असता. जुना अर्थ असा एखाद्या जोडशब्दात लपून बसतो. झाडांच्या नावांबद्दल वर म्हटलं ते हेच.

बहिणींना विचारा

पालीत घान म्हणजे नाक. बौद्ध ग्रंथांत इंद्रियांची मोजणी चक्खु, सोत, घान, जिव्हा, काय अशी येते. जैनांच्या अर्धमागधीत घाणिंदिय आहे. म्हणजे र गळून शब्दाला आजचं रूप आलं तेव्हाही तो निर्मळच होता. रूप आधी बदललं, अर्थ नंतर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोंकणीत घाण म्हणजे दुर्गंध, आपल्यासारखाच. बंगालीत मात्र घ्राण हा शब्द सुवासासाठीही सहज वापरतात, कारण त्यांनी तो संस्कृत रूपातच ठेवला.

मराठीनं दोन्ही ठेवले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी बोलीच्या गोडीचं वर्णन येतं. शब्द हा खरं तर कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस माझा, आणि नाकाला तो परिमळ वाटतो: 'घ्राणासि भावो जाय परिमळाचा'. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, आपल्या भाषेत घ्राण परिमळाच्या मागं धावत होतं. आज पंडिती रूप घ्राण स्वच्छ राहिलं आणि घरगुती रूप घाण खाली उतरलं. असं दुसरीकडेही झालंय. गर्भिणी बाई असते आणि गाभण गाय असते. एकाच शब्दाची दोन रूपं भाषेत नांदायला लागली की घासून गुळगुळीत झालेल्या रूपाच्या वाट्याला बहुधा हलका अर्थ येतो. कोशात अशा जोड्या दिसल्या की बाजूला लिहून ठेवा, एक दुसरीला समजावून सांगते.

मग आणखी लांब जा. वासाचे शब्द बाकीच्या भाषांत कुठं गेले? गुजराती शेजारीण 'गंधाय छे' म्हणते तेव्हा तिला दुर्गंध म्हणायचा असतो, आणि तोच गंध आपण उगाळून देवाला आणि कपाळाला लावतो. फारसीत गंद म्हणजे दुर्गंध. संस्कृत गंध आणि फारसी गंद एकाच जुन्या शब्दाचे वारस. त्या गंदवरून गंदा आला, आणि हिंदीतल्या गंदगीत आज वास मागं पडून कचराच पुढं आलाय. आपल्या घाणीनं जी वाट धरली तीच. इंग्रजीतला स्टिंक हा धातू जुन्या काळी फुलांच्या वासालाही चालत होता. तमिळमध्ये नाट्रम म्हणजे आज दुर्गंध, पण आंडाळ ही वैष्णव कवयित्री कृष्णाच्या शंखाला विचारते, त्याच्या मुखाला कापराचा वास येतो का कमळाचा, तेव्हा ती त्याच धातूचं क्रियापद वापरते. ही आठव्या-नवव्या शतकातली गोष्ट. कन्नडमध्ये नात म्हणजे दुर्गंध, तेही याच कुळातलं.

एवढ्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांत एकच घडतं, तर त्याला कारण हवं. माझं कारण नोंदवहीतून आलेलं आहे. पारिजातकाचा सडा पडलाय आणि बोळात वास दरवळतोय, हे कळवायला कार्यालयात कधी कुणाचा फोन आला नाही. चांगल्या वासाला आपण त्याच्या धन्याच्या नावानं हाक मारतो: मोगऱ्याचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचा, पहिल्या पावसाचा. नाव न घेता नुसतं 'वास' म्हणायची वेळ येते ती बहुधा तक्रार असते तेव्हा. तक्रारीतच जास्त वापरला जाणारा शब्द तक्रारीचा रंग घेतो.

शब्द कुणाबद्दल वापरला जातो, तेही लिहा

वहीत एक रकाना असा ठेवा: कुणी, कुणाबद्दल. हा मी सगळ्यांत महत्त्वाचा मानते. 'घाणेरडा' हा शब्द वस्तूवरून माणसावर सहज सरकतो, आणि बहुतेकदा घाण करणाऱ्यावर नव्हे, ती उचलणाऱ्यावर. आमच्या सफाई कामगारांना चहाच्या टपरीवर लांब उभं राहायला सांगत, तेव्हा हाच शब्द कानावर यायचा. हातानं मैला साफ करून घेण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. तरी या देशात माणसं अजून गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. तिथल्या हायड्रोजन सल्फाइड वायूला सुरुवातीला कुजक्या अंड्यांसारखी घाण येते. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि घाण येईनाशी होते. घाण थांबली म्हणून हवा बरी झाली असं समजणारा माणूस त्या क्षणी मरणाच्या दारात असतो. 'घाण येते' या दोन शब्दांवर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो, म्हणून ते नेमके वापरावेत असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा शब्द

घाण झाली, आता दुसरा शब्द घ्या. मराठीत वाईट वासांना नावांची ददात नाही. न वाळलेल्या कपड्यांचा कुबट, जुन्या खोबऱ्याचा आणि शेंगदाण्यांचा खवट, तळाला लागलेल्या दुधाचा करपट, बंद खोलीचा कोंदट, उतरलेल्या वरणाचा आंबूस, दारूचा भपकारा. कुबट, खवट, करपट, कोंदट, मातकट, धुरकट यांच्या शेवटी एकच ट आहे, तो आंबट आणि तुरटमध्येही आहे, म्हणून हे सगळे एका बैठकीत पाहावेत. वास आणि चव यांचे शब्द एकाच साच्यातून निघालेत हे तेव्हा दिसतं.

सुरुवातीला मी दर्प सुचवेन. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, माज. मराठीत कांद्याचा दर्प, फिनेलचा दर्प. गर्विष्ठ माणूस सगळ्यांवर चढून बसतो तसा हा वास बाकीच्या वासांवर चढून बसतो, त्यातूनच अर्थ इकडं आला असावा असं मला वाटतं. तुम्ही मात्र आधी वाक्यं गोळा करा. दर्प येतो, दर्प सुटतो, दर्प उतरतो, यांतलं गर्वाचं कोणतं आणि वासाचं कोणतं? हलक्या, चोरट्या वासाला कुणी दर्प म्हणतं का? माझ्या वहीत तसं एकही वाक्य नाही.

नोंद करताना वाक्य पूर्ण लिहा, नुसता शब्द नको. बोलणाऱ्याचं वय आणि गाव लिहा, नाव लिहायची गरज नाही. कशाचा वास, तेही लिहा. आजी-आजोबांशी बोलताना "याला काय म्हणतात?" असं विचारू नका, ती लगेच पुस्तकी शब्द शोधायला लागतात. ओली चादर किंवा खवट झालेली खोबऱ्याची वाटी त्यांच्या हातात द्या आणि ती काय म्हणतात ते ऐका.

आणि प्रत्येक नोंदीपुढं साल घाला. 'वास' हा शब्द सध्या आपल्या डोळ्यांदेखत सरकतोय. 'वासाचा तांदूळ' म्हटलं की आंबेमोहोर आठवतो, पण 'तांदळाला वास येतोय' म्हटलं की तो टाकून द्यावा लागतो. 'दुधाला वास येतोय' यात वाईट असं एकही विशेषण नाही, तरी कुणी ते दूध पीत नाही. घाण ज्या वाटेनं गेली त्या वाटेवर वास अर्ध्यात आहे. त्याची वाक्यं आजच लिहून ठेवा, तालुका आणि सालासकट.